डब्ल्यूएसएल २ वर अँड्रॉइड: आठ जीबीच्या पीसीला कितपत झेपतं?

जळगाव-धुळ्याकडे घरोघरी दिसणारा डेस्कटॉप म्हणजे आठ जीबी रॅम, एसएसडी आणि विंडोज. त्यावर लिनक्समधून अँड्रॉइड ॲप बनवायचं असेल तर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) खुशाल वापरा. ड्युअल बूटसारखं दर वेळी रीस्टार्ट करावं लागत नाही. फक्त वाटणी पाळा: कोड आणि बिल्ड (कोडपासून ॲप तयार करणं) लिनक्सकडे, फोन विंडोजकडे.

बसवणं सोपं. ॲडमिन पॉवरशेलमध्ये 'डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल', एक रीस्टार्ट, की उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) हजर. व्हर्च्युअलायझेशनची एरर आली तर बायोसमध्ये जाऊन इंटेलचं व्हीटी-एक्स किंवा एएमडीचं एसव्हीएम चालू करा.

खरी ओढाताण मेमरीची. डब्ल्यूएसएल मुळात निम्मी रॅम घेतं, म्हणजे इथे चार जीबी. ग्रेडल (ॲप बिल्ड करणारं साधन) आणि कोटलिन (ॲपची भाषा) यांचे मागे चालणारे दोन प्रोग्रॅम, म्हणजे डेमन, त्यात मावत नाहीत आणि 'डेमन डिसअपिअर्ड अनएक्स्पेक्टेडली' म्हणत बिल्ड मधेच बसतं. विंडोजच्या युजर फोल्डरमध्ये '.डब्ल्यूएसएलकॉन्फिग' फाइल करून मेमरी ५ जीबी, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ४ जीबी द्या; ग्रेडलला एक्सएमएक्स, म्हणजे मेमरीची कमाल मर्यादा, २ जीबी. मग 'डब्ल्यूएसएल --शटडाउन', नाहीतर बदल लागूच होत नाही. एवढ्या रॅमवर एम्युलेटरचा (पीसीवरच्या नकली फोनचा) नाद सोडा, खरा फोन जोडा.

प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवून उबुंटूतून बिल्ड करू नका. तिथली प्रत्येक फाइल विंडोज आणि लिनक्समधल्या ९पी नावाच्या संथ दुव्यातून येते आणि ग्रेडल तर हजारो बारक्या फाइली चाळतं. बिल्ड रांगायला लागतं. प्रोजेक्ट उबुंटूच्या होम फोल्डरमध्येच क्लोन करा. एसडीकेही (अँड्रॉइड ॲप बनवायच्या साधनांचा संच) लिनक्सचाच घ्या. विंडोजच्या एसडीकेत सगळ्या ईएक्सई, ग्रेडलला त्या सापडत नाहीत. विंडोजमधून कॉपी केलेली 'ग्रेडलडब्ल्यू' ही ग्रेडल सुरू करणारी स्क्रिप्ट चालत नसेल तर ओळींच्या शेवटी सीआरएलएफ (विंडोजची ओळ संपवायची खूण) आहे, ती बदलणारं 'डॉसटूयुनिक्स' फिरवा.

फोनसाठी विंडोज ११ (२२एच२ पासून पुढे) असेल तर त्याच '.डब्ल्यूएसएलकॉन्फिग' फाइलमध्ये नेटवर्किंग मोड 'मिरर्ड' करा, म्हणजे दोन्हीकडचं नेटवर्क एकच होतं. आधी विंडोजमध्ये एडीबी (पीसीवरून फोनशी बोलणारं साधन) सर्व्हर सुरू करायचा, मग उबुंटूतला एडीबी ५०३७ पोर्टवर त्यालाच जाऊन भेटतो. उलटा क्रम केलात तर 'डिव्हायसेस'ची यादी रिकामी. दोन्हीकडच्या एडीबीचं व्हर्जन एकच हवं. वेगळं असेल तर एक दुसऱ्याचा सर्व्हर बंद पाडत राहतो. विंडोज १० वर वायरलेस डीबगिंग बरं (अँड्रॉइड ११ पासून): 'एडीबी पेअर', सहा आकडी कोड, मग 'एडीबी कनेक्ट'. पेअरचा पोर्ट वेगळा, कनेक्टचा वेगळा. निम्मे लोक इथेच अडकतात. यूएसबीआयपीडी या विंडोजवरच्या प्रोग्रॅमनेही यूएसबीला लावलेला फोन थेट लिनक्सला देता येतो, पण केबल निघाली की परत अटॅच करा.

डिस्कचा एक चावटपणा: उबुंटूतून दहा जीबी उडवलं तरी व्हीएचडीएक्स फाइल (उबुंटूची सगळी डिस्क जिच्यात असते ती विंडोजमधली फाइल) तेवढीच राहते. 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' करून विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये 'कॉम्पॅक्ट व्हीडिस्क' चालवावं लागतं.

आणि आपल्याकडची वीज. बिल्ड चालू असताना गेली तर ती व्हीएचडीएक्स बिघडून पुढच्या वेळी उबुंटू रीड-ओन्ली उघडू शकतं, म्हणून यूपीएस हवाच. आठवड्यातून एकदा 'डब्ल्यूएसएल --एक्स्पोर्ट'ने सगळ्या उबुंटूची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर. भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ कडे गेला की सीपीयू तापून वेग कमी करतो. कॅबिनेटमधली धूळ झटका, ग्रेडलचे वर्कर (एकाच वेळी चालणारी कामं) दोनवर आणा आणि क्लीन बिल्ड (सगळं पहिल्यापासून बिल्ड करणं) सकाळीच उरका.