नकली हेडफोननं पियानोचा हात बिघडवला

डिजिटल कीबोर्ड लॅपटॉपला जोडून सॅम्पल्ड पियानो (खऱ्या पियानोचे रेकॉर्ड केलेले स्वर वाजवणारं सॉफ्टवेअर) वाजवणाऱ्या आणि घरीच रेकॉर्ड करणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं अशी कळकळीची विनंती आहे. मला नकली हेडफोन विकला गेला. पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून मोठं नुकसान वाजवण्याचं झालं.

मी गायकांसाठी साथीचा पियानो घरून रेकॉर्ड करून देते. फ्लॅटमध्ये रात्री स्पीकर लावता येत नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त हेडफोनवर. या कामात माइक नसतो, कीबोर्डमधून नुसती मिडी जाते, म्हणजे कुठली पट्टी किती जोरात दाबली याची नोंद. म्हणून आवाज बाहेर गळला तरी चालतो, आणि बंद कपांपेक्षा मागे जाळी असलेल्या उघड्या किंवा अर्धउघड्या कपांमध्ये पियानो मोकळा ऐकू येतो. (शेजारी कुणी माइकवर गात असेल तर मात्र बंदच हवा.) ब्लूटूथचा तर प्रश्नच नाही. पट्टी दाबल्यावर स्वर मागून येतो, तालात वाजवणार कसं? असा सगळा विचार करून मी बायरडायनॅमिकचा डीटी ८८० प्रो नक्की केला. अर्धउघडा, २५० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप).

एका ऑनलाइन विक्रेत्याकडे तो बाजारभावापेक्षा तीन-चार हजारांनी स्वस्त होता. निम्म्या किमतीत असता तर कुणालाही शंका आली असती, पण एवढी सूट सणासुदीला सगळेच देतात. ही माणसं किंमत ठरवतात तीसुद्धा हिशेबानं. मी फोन करून विचारलं, "माझा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉप आणि हेडफोन यांच्यामधला डबा, छोटा आहे, त्याला २५० ओहम झेपतील ना?" उत्तर आलं, "मॅडम, बिनधास्त घ्या, मोबाइलला लावला तरी दणदणीत वाजतो."

हे वाक्य कानावर पडलं तर तिथेच थांबा. २५० ओहमचा हेडफोन मोबाइलवर दणदणीत वाजत नाही. ओहम जितके जास्त, तितकी त्याच व्होल्टेजवर त्याच्यापर्यंत कमी शक्ती पोचते. मला आलेला हेडफोन मात्र मोबाइलवर खरोखरच मोठ्यानं वाजायचा. दिसायला हुबेहूब: राखाडी मखमली गाद्या, फक्त डाव्या कपातून निघणारी स्प्रिंगसारखी वायर, खोकंही तसंच. नुसत्या डोळ्यांनी ओळखता येण्यासारखं काहीही नव्हतं.

आता नुकसानाचं सांगते. सॅम्पल्ड पियानोत एकेक पट्टी हलक्या दाबापासून जोरदार आघातापर्यंत अनेक पातळ्यांवर रेकॉर्ड केलेली असते. तुमच्या बोटाचा जोर १ ते १२७ या आकड्यांत नोंदला जातो आणि कुठलं सॅम्पल वाजायचं ते त्यावरून ठरतं. हलका आणि जोरदार स्वर यांत फरक फक्त आवाज लहान-मोठा असण्याचा नाही. हातोडी जोरात बसली की वरचे स्वरांश (मूळ स्वरासोबत वाजणारे उंच, बारीक स्वर) उजळतात, आणि वाजवणारा त्या उजळपणावरूनच आपला जोर जोखतो. या हेडफोनमध्ये नेमका वरचा भाग बसलेला होता आणि खर्ज फुगलेला. स्वर उजळेना, म्हणून बोटं आपसूक जास्त जोर लावायला लागली. अलगद वाजवायच्या जागासुद्धा शंभराच्या वर नोंदल्या गेल्या. शिवाय खर्ज जास्त वाटतो म्हणून मिक्स करताना मी तो कापत होते. एका गायिकेनं ते तिच्या घरच्या स्पीकरवर लावलं आणि मला फोन केला, "ताई, रागावून वाजवलंत का?"

कापलेला खर्ज परत वाढवता येतो. सॉफ्टवेअर बदलून दुसरा पियानो लावता येतो. जोराचे आकडेही सरसकट खाली आणता येतात. पण एखाद्या ओळीत कुठल्या स्वरावर किंचित टेकायचं आणि कुठला नुसता स्पर्शून सोडायचा, हे मुळात वाजवलंच गेलं नसेल तर ते कुठल्या बटणानं आणणार? सगळं पुन्हा वाजवावं लागलं.

खोटेपणा पकडला तो रेडिओ दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या काकांनी. त्यांनी मल्टिमीटर ओहमवर ठेवला, एक पिन प्लगच्या टोकाला आणि दुसरी प्लगच्या मुळाशी असलेल्या कड्याला लावली. खरा २५० ओहमचा हेडफोन असेल तर मीटर त्याच्या आसपास, बहुधा थोडा कमी, आकडा दाखवतो. इथे आकडा तिशीत. मग वाजत्या हेडफोनच्या जाळीवर तळहात ठेवून पाहिला. अर्धउघड्या हेडफोनचा आवाज जाळी झाकल्यावर बदलतो, याचा बदलला नाही. जाळीमागे अखंड प्लास्टिक होतं.

विक्रेता आधी म्हणाला, बॅचमध्ये फरक असतो. नंतर म्हणाला, परत करायची मुदत संपली. त्यानंतर फोन उचलणं बंद. बिल काढून पाहिलं तर त्यावर फक्त "हेडफोन, १ नग". मॉडेल नाही, ओहम नाहीत, सीरियल नंबर नाही. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी लागते, तेही नव्हतं. तुम्ही घ्याल तेव्हा हे सगळं बिलावर लिहून मागा, खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा आणि परतीची मुदत असेपर्यंत मीटर लावून घ्या. साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे विक्री करणाऱ्या साइटला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मी तिथे तक्रार नोंदवली आहे. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. मीटरचा फोटो, खोक्याचे फोटो आणि ते बिल असे माझे कागद तयार आहेत.