‘कोन्स्त्रुसाँव’: एका बांधकाम मजुराच्या मरणाचे गाणे

‘कोन्स्त्रुसाँव’ म्हणजे बांधकाम. ब्राझीलचे गायक-गीतकार शीकू बुआर्की यांचा या नावाचा अल्बम १९७१ मध्ये निघाला. ब्राझीलमध्ये १९६४ पासून लष्कराची सत्ता होती, डिसेंबर १९६८ च्या फर्मानाने नागरिकांचे उरलेसुरले हक्कही काढून घेतले होते आणि सरकार आर्थिक चमत्काराचा डंका पिटत होते. ज्यांच्या घामावर तो चमत्कार उभा होता, त्यांच्यापैकी एका मजुराचा शेवटचा दिवस अल्बमच्या शीर्षकगीतात आहे.

गोष्ट अगदी साधी आहे. बायकोमुलांचे मुके घेऊन माणूस कामावर जातो, चार भिंती उभारतो, राजपुत्राच्या थाटात घेवडा-भात खातो, उंचावरून कोसळतो आणि रस्त्यात उलट्या दिशेला पडून, वाहतुकीचा खोळंबा करत मरतो. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी असा शब्द आहे, ज्याच्या शेवटून तिसऱ्या अक्षरावर उच्चाराचा आघात येतो. त्यामुळे दर ओळ काठावर येऊन घसरल्यासारखी वाटते. मग तीच गोष्ट पुन्हा सुरू होते आणि हे शेवटचे शब्द एका ओळीतून उचलून दुसऱ्या ओळीत बसवलेले आढळतात. पहिल्या कडव्यात भिंती भक्कम असतात, दुसऱ्यात जादूच्या, तिसऱ्यात लुळ्या. सुरुवातीला यंत्रासारखा वर चढणारा हा माणूस अखेरच्या कडव्यात प्रेमही यंत्रासारखेच करतो. आधी तो शनिवार असल्यासारखा निवांत विसाव्याला बसलेला असतो. शेवटी मात्र त्याच्या मरणाने इतरांच्या शनिवारचा विचका होतो. हा एक शब्द जागा बदलताना ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला.

गाण्यात सरकारचे नाव नाही, एकही घोषणा नाही. बुआर्की यांच्या आधीच्या एका गाण्यावर बंदी आलेली होती, हे ध्यानात घेतले तरी मला हा संयम निव्वळ सावधगिरीचा वाटत नाही. मजुराच्या मृत्यूची नोंद केवळ अडथळा म्हणून होते, एवढे सांगितल्यावर वेगळ्या आरोपाची गरजच उरत नाही.

होजेरिओ दुप्राट यांचे संगीत संयोजन तितक्याच तोलामोलाचे आहे. सुरुवात जवळजवळ बोलल्यासारखी शांत होते आणि पुढे पितळी वाद्यांचा गोंगाट रहदारीसारखा अंगावर येतो. फोनच्या छोट्या स्पीकरवर त्याचा नुसता गोंधळ होतो, म्हणून हेडफोन लावूनच ऐकावे. पोर्तुगीज येत नसेल तर भाषांतर आधी वाचून घ्यावे, नाहीतर शब्दांची अदलाबदल निसटते. अल्बमच्या उत्तरार्धातील हळुवार गाणी सुंदर असली तरी शीर्षकगीतानंतर त्यांत मन रमायला मला वेळ लागला.

अल्बम पहिल्यापासून क्रमानेच ऐकावा, कारण पहिल्या गाण्यातल्या ओळी शीर्षकगीताच्या शेवटी परत येतात. खायला भाकरी दिलीत, झोपायला जमीन दिलीत, श्वास घेऊ दिलात, देव तुम्हाला याची परतफेड करो, असे त्या पहिल्या गाण्यातला माणूस सत्ताधाऱ्यांना सांगत असतो.