डुलणारी होडी: चाकाचं भोक बाजूला की आसावर कॅम?

दोरीने ओढल्यावर लाटांवर असल्यासारखी डुलणारी खेळण्यातली होडी करायची, तर चाकाचं भोक मध्यापासून सरकवावं की आसावर कॅम (आसाबरोबर फिरत वरचा दांडा वरखाली करणारी, भोक बाजूला असलेली चकती) बसवावा?

भोक सरकवण्यात मेहनत कमी. ते ५ मिमी बाजूला पाडलं की होडी १० मिमी वरखाली होते. पुढची जोडी वर असताना मागची खाली ठेवा, छान डुलते. चाकं घसरली की मात्र हा मेळ सुटतो.

कॅममध्ये होडी न डुलता सरळ चालते, दांड्यावरचा नावाडी उठतो-बसतो. मला हीच जास्त जिवंत वाटते. पण दांडा खाचेत सैल सरकायला हवा, गुळगुळीत फरशीवर चाकांना रबरी कडं हवं आणि बोट चिमटेल अशी फट झाकायलाच हवी.

टिकायला पहिली सरस.

नुकतं चालू लागलेल्या बाळासाठी पहिलीच करा. खेळणं उलटं करून न्याहाळणाऱ्या मोठ्या मुलासाठी कॅमची.