निकॉन ३५ एमएम एफ १.८ (डीएक्स): तीन वर्षं एकच लेन्स लावून

ही लेन्स २००९ ला आली, त्यामुळे तिचे चार्ट आणि टेस्ट भरपूर ठिकाणी मिळतील, ते मी परत लिहीत नाही. गेली तीन वर्षं माझ्या निकॉन डी५६०० कॅमेऱ्यावर ही एकच लेन्स आहे आणि माझे फोटो मला माझे वाटायला लागले ते याच तीन वर्षांत, म्हणून लिहितेय.

आधीचं सांगते. माझ्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ एमएमची झूम लेन्स होती आणि एक ५५-२०० घेतली होती. कोल्हापुरात राहायचं म्हणजे फोटोला विषय कमी नाहीत, पंचगंगा घाटावरची सकाळ, तालमीतली लाल माती, जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल, पट्टणकोडोलीचा भंडारा, सगळीकडे जाऊन आले. एकदा आमच्या ओळखीतल्या सात-आठ जणांनी भंडाऱ्याचे प्रिंट एका टेबलावर मांडले. पिवळी हवा, वर गेलेले हात, मध्ये ढोल. एका प्रिंटवर बोट ठेवून मी विचारलं हा कुणाचा, तर तो माझाच होता. त्या रात्री मला झोप लागली नाही हो, खरंच. फोटो वाईट नव्हता, उलट चांगला होता, पण तो तिथे उभ्या असलेल्या कुणीही काढला असता आणि बाजूच्या माणसाने काढलाही होता.

मग लाइटरूम या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटा (फोटोबरोबर साठलेली माहिती) फिल्टर लावून बघितलं की मी नेमकं कुठल्या फोकल लेंथला (लेन्सवरचा एमएमचा आकडा, जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) फोटो काढते. तुम्ही पण बघा, पाच मिनिटांचं काम आहे. माझे निम्म्याहून जास्त फोटो २०० ला, उरलेल्यातले बरेचसे १८ ला. म्हणजे एकतर लांब उभं राहून माणूस ओढून घ्यायचा नाहीतर सगळंच आत कोंबायचं. मधलं अंतर, ज्या अंतरावर आपण माणसाशी बोलतो, ते माझ्या फोटोंत जवळजवळ नव्हतंच.

३५ घेतली ती त्यासाठी. डी५६०० चा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा (जुन्या फिल्मच्या मापाचा सेन्सर) दीडपट लहान, १.५ क्रॉपचा, निकॉन त्यालाच डीएक्स म्हणतं, म्हणजे ही लेन्स फुल फ्रेमच्या साधारण ५२ एमएमसारखी दिसते. फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी आयुष्यभर बहुतेक काम ५० वर केलं, ते हेच दिसणं. वजन फक्त २०० ग्रॅम, पर्समध्ये बसते. मी सेकंडहँड घेतली, साडेसात हजाराला. घेताना एक लक्षात ठेवा, निकॉनच्या ३००० आणि ५००० सिरीजच्या बॉडीमध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुनी ५० एमएम एफ १.८ डी स्वस्त मिळाली तरी तिच्यावर ऑटोफोकस चालणार नाही. ३५ मध्ये मोटर लेन्समध्येच आहे. आणि याच आकड्यांची फुल फ्रेमवाली दुसरी ३५ पण आहे, ती बरीच महाग, नाव नीट वाचून घ्या, डीएक्स लिहिलेलं पाहिजे.

पहिला महिना अवघड गेला. झूम नाही म्हणून हात उगाच रिंगकडे जायचा, कुणाचं डोकं कापलं जायचं, कुठे मागे सरकायला जागाच नसायची. दोन वेळा विकायची जाहिरात लिहून ठेवली होती. घाटावर तर काही जमेचना, कारण तिथे मला जे काढायची सवय होती ते लांबूनच निघतं.

मग एका संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबले. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, इथे म्हशी शहरात आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि लोक उभ्या उभ्या ग्लासभर धारोष्ण दूध पितात. मी लहानपणापासून बघतेय, पण कधी फोटो काढावा असं वाटलं नव्हतं. इथे ३५ ला पर्याय नाही, कारण माणसं दोन हातांवर, म्हैस त्याच्याही जवळ, आणि उजेड म्हणाल तर वरचे दिवे तेवढे. १८-५५ ला ३५ च्या आसपास अ‍ॅपर्चर साधारण एफ ४.५ मिळतं (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं), ही १.८ ला उघडते, म्हणजे सहापट उजेड आत. जिथे आधी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) १२८०० लागला असता तिथे दोन हजारात काम होतं.

पण खरा फरक उजेडाचा नाही. इतक्या जवळून गुपचूप फोटो काढताच येत नाही, बोलावं लागतं. पहिल्या दिवशी एका म्हशीवाल्या मामांनी विचारलं, "ताई, फोटू काढून काय करणार?" आणि मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या वेळी ४ बाय ६ चे प्रिंट घेऊन गेले. त्यानंतर मी आले की माझ्यासाठी जागा करून देतात, आणि मुख्य म्हणजे कॅमेऱ्याकडे बघायचं बंद झालं. फोटोग्राफर सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम मी आधी बघितलं होतं, पण त्या फोटोंतली माणसं फोटोग्राफरला परका समजत नाहीत हे मला कट्ट्यावर चार महिने गेल्यावर दिसलं. एकाच ठिकाणी परत परत जाणं यात कंटाळा आहे असं मला वाटायचं, तो येतो पण, साधारण सहाव्या-सातव्या वेळी, आणि धारेचे, फेसाचे, ग्लासचे जे फोटो सगळे काढतात ते काढून संपले की मग आपण दुसरीकडे बघायला लागतो.

मी कुठे बघत होते ते मला स्वतःला कळलं नव्हतं. वर्षभरानंतर शंभर-सव्वाशे प्रिंट घरात जमिनीवर मांडले होते, सासूबाई त्यातून वाट काढत स्वयंपाकघरात चालल्या होत्या, मध्येच थांबून म्हणाल्या, "हे सगळे कशासाठी थांबलेत गं?" परत बघितलं तर खरंच, किटली घेऊन उभी मुलगी, रिकामा ग्लास धरलेले आजोबा, दाव्याला बांधलेलं रेडकू, आणि कट्ट्याबाहेरचे जे फोटो होते त्यातही बस स्टँडवरचे, दवाखान्याच्या पायरीवरचे, सगळे कशाची तरी वाट बघणारे. मी ते ठरवून काढले नव्हते. बाबांच्या आजारपणात आम्ही सात महिने असेच बाकांवर बसून काढलेत, बहुतेक तिथून आलं असावं. त्या दिवसापासून सगळ्यांसारखे निळसर-नारिंगी रंग देणारे टील-ऑरेंजचे प्रीसेट (तयार सेटिंग) बंद केले, विकत घेतलेले होते तरी.

आता कामाचं. एफ १.८ ला जवळून काढलं तर ग्लासची कड शार्प आणि चेहरा धूसर असं होतं, मी आता बहुतेक वेळा २.८ वर असते. उघड्या अ‍ॅपर्चरला चमकणाऱ्या कडांवर जांभळी-हिरवी झाक येते, अशा मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्समध्ये ते असतंच, स्टीलच्या भांड्यांवर जास्त दिसतं, थोडं बंद केलं की कमी होतं. व्हायब्रेशन रिडक्शन (हात हलला तर सावरून घेणारी सोय) नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब किंवा स्वस्त एलईडीखाली शटर १/१०० सेकंद ठेवा, त्याहून वेगात गेलात की फ्रेममध्ये पट्टे येऊ शकतात, मी पहिले दोन आठवडे कॅमेराच बिघडला समजत होते. जवळात जवळ ३० सेंटिमीटर, म्हणजे फुलातला कीटक वगैरे विसरा. छोट्या खोलीतला घरगुती समारंभ काढायचा असेल तर ही अरुंद पडते, तिथे १८-५५ च बरी. निकॉनचा आरसा नसलेला (मिररलेस) झेड कॅमेरा असेल तर जुन्या लेन्स जोडणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकस चालतो.

सेकंडहँड घेताना मागून मोबाईलचा टॉर्च मारून काचेत बुरशीचे धागे आहेत का बघा, इकडच्या पावसाळ्यात ते फार लवकर होतं. मी हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवते.

२०० वाली विकली नाही, कपाटात आहे. कट्ट्यावरच्या मामांना आता त्यांच्या म्हशीचा ८ बाय १२ चा मोठा फोटो हवाय, एकटीचा, शिंगं पूर्ण आली पाहिजेत असं बजावलंय. रविवारी जाणार आहे, भिंतीला पाठ टेकवली तर ३५ मध्ये बसेल असा अंदाज आहे.