अर्थ कच्चा, आणि विकली बॅटरी

गाडीत अँप (गाण्याचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर) बसवून घेतल्यावर बेसच्या ठोक्याला हेडलाइट मंद होत असतील, ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून चढत जाणारी शिट्टी येत असेल आणि फिटिंग करणारा ‘तुमची बॅटरी कमी पडतेय’ म्हणत असेल, तर पैसे काढण्याआधी थांबा. याच एका वाक्याच्या जोरावर माझ्या गळ्यात आधी मोठी बॅटरी, मग क्षणभरापुरती वीज साठवणारा कॅपॅसिटर आणि शेवटी शिट्टी घालवायला नॉइज फिल्टर मारला गेला. दोष होता डिकीतल्या एका स्क्रूखाली, आणि तो स्क्रू त्याच माणसानं मारलेला होता.

अँपला प्लसची जाड वायर थेट बॅटरीपासून येते. परतीचा करंट मात्र बहुतेक गाड्यांत बॉडीच्या पत्र्यातूनच जातो. म्हणजे जेवढा करंट प्लसमधून आला तेवढाच त्या एका बॉडी अर्थमधून, म्हणजे अँपची मायनस वायर पत्र्याला जोडतात त्या जोडातून, परत जाणार. प्लस कितीही जाड टाका, अर्थ कच्चा असेल तर अँप उपाशीच राहतो.

हे मला माहीत होतं, म्हणून मी पहिल्याच तक्रारीला अर्थ तपासायला सांगितला. फिटिंगवाल्यानं मल्टिमीटर काढला, कंटिन्युइटीवर (जोड सलग असला की बीप देणाऱ्या सेटिंगवर) लावला, एक टोक अर्थच्या लगवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्यावर), दुसरं बॉडीवर. बीप वाजला. ‘बघा साहेब, अर्थ एकदम पक्का.’ फसवणुकीतला सगळ्यात सफाईचा भाग हाच. बहुतेक मीटर दहा-वीस ओहमपर्यंतही बिनदिक्कत बीप देतात. अँपच्या अर्थला तिथे ओहमचा तिसावा भागसुद्धा परवडत नाही. 0.034 ओहम अडथळ्यातून 50 अँपिअर वाहिले की 1.7 व्होल्ट तिथेच खलास, आणि सुमारे 85 वॉट उष्णता त्या एका स्क्रूवर. बीपला यातलं काही कळत नाही.

खरी तपासणी करंट वाहत असतानाच होते. बॅटरी बदलून आणि फिल्टर लावूनही दोष जाईना तेव्हा दुसऱ्या एका कारागिरानं ती माझ्यासमोर केली. इंजिन चालू, 50 हर्ट्झचा सलग सूर लावलेला, मीटर डीसी व्होल्टवर. बॅटरीवर 14.1, अँपच्या टर्मिनलवर 11.6. मग लांब वायर जोडून एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं अँपच्या मायनस टर्मिनलवर: 1.7 व्होल्ट. इथे 0.1च्या आत आकडा हवा. उरलेले 0.8 व्होल्ट प्लसच्या वायरमध्ये जात होते.

डिकीतलं कार्पेट उचललं तर पातळ पत्र्यात मारलेला सेल्फ-टॅपिंग स्क्रू, त्याखाली लग, आणि लगखाली गाडीचा मूळ रंग जसाच्या तसा. धातूला धातू फक्त स्क्रूच्या आट्यांपुरता टेकत होता आणि तेवढी जागा तापून काळी पडलेली. शिट्टीही इथूनच येत होती. अँपचा मायनस आणि स्टिरिओचा मायनस एका पातळीवर नसले की थोडा करंट आरसीए केबलच्या (स्टिरिओतून अँपला आवाज नेणाऱ्या केबलच्या) जाळीतून वाट काढतो आणि अल्टरनेटरचा आवाज गाण्यात मिसळतो. फिल्टरनं तो नुसता दबला होता.

मग वायर. ‘4 गेज, प्युअर कॉपर’ म्हणून दिलेली वायर हातात बोटाएवढी जाड, पण संशय येण्याइतकी हलकी. टोक कापलं तर अर्ध्याहून जास्त जाडी रबराचीच. ब्लेडनं तार खरवडली तर आतून चंदेरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम! अशी तार तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण 65 टक्केच वीज वाहते, आणि इथे तर जाडीही 8 गेजची. 4 गेज म्हणजे सुमारे 21 चौरस मिलिमीटर, 8 गेज म्हणजे साडेआठच्याही आत.

अँपच्या खोक्यावर 3000 वॉट लिहिलं होतं, त्याचीही गंमत सांगतो. मागे 30 अँपिअरचे दोन फ्यूज. 60 गुणिले 14, म्हणजे आत जाणारी वीजच 840 वॉट. ‘एवढ्या मोठ्या अँपला एवढी बॅटरी लागणारच’ हे त्याचं म्हणणं या छापील आकड्यावर उभं होतं. फ्यूज बघा, खोकं नको.

फिटिंगवाल्याचा पुढचा बेत डिकीत दुसरी बॅटरी टाकण्याचा होता, आणि त्यानं काही काळ दिवे मंदावणं थांबलंही असतं, कारण अँपनं शेजारच्या बॅटरीतून ओढलं असतं. पण ती बॅटरी चार्ज व्हायची त्याच बारक्या वायरीतून आणि त्याच रंगावरच्या अर्थमधून. थोड्याच दिवसांत तीही अर्धवट चार्ज राहून मेली असती. शिवाय दोन बॅटऱ्यांमधल्या प्लसच्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो आणि डिकीत सीलबंद बॅटरीच हवी. हा विषय त्यानं काढलाच नाही.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. जाड पत्र्यावरची जागा निवडून रंग चकाकेपर्यंत खरवडला, आरपार नट-बोल्ट आणि दातेरी वॉशर, वरून गंज लागू नये म्हणून रंगाचा हात. अर्थची वायर प्लसएवढीच जाड आणि हातभरापेक्षा आखूड. सीटबेल्टचा बोल्ट आयता दिसतो, त्याला हात लावू नये. पुढे बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला जाणारी मूळ पट्टीही जाड केली. मात्र मायनसवर सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत तिथे काहीही जोडण्याआधी गाडीचं मॅन्युअल बघावं. वायर बदलल्यावर मायनसकडचा आकडा 0.05 आला आणि फिल्टर काढूनही शिट्टी आली नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. जुनी बॅटरी एक्सचेंजमध्ये गेलेली, त्यामुळे ती चांगली होती हे दाखवायची सोय नाही. कॅपॅसिटर ‘वापरलेला’ म्हणून नाकारला. तांब्याबद्दल भांडावं तर बिलावर नुसतं ‘वायरिंग किट’. तेव्हा बिलावर वायरीचा धातू आणि चौरस मिलिमीटर लिहून घ्या, जुनी बॅटरी लोड टेस्ट (भार देऊन केलेली तपासणी) झाल्याशिवाय हातातून सोडू नका, आणि मायनसकडचा व्होल्टेज ड्रॉप आपल्यासमोर मोजून झाल्यावरच पैसे द्या.