लॉकटाइट २४३ : बटरफ्लायच्या स्क्रूसाठी घ्यावं का?

घ्यावं. पण फक्त त्याच्या भरवशावर इंजिन आठ हजार आरपीएमपर्यंत नेऊ नये. स्क्रूचे आटे धरून ठेवणारं हे निळं द्रव चांगलं आहे, पण एक थेंब टाकला की स्क्रू सुटणारच नाही, ही मुंबईतल्या बऱ्याच गॅरेजमधली समजूत चुकीची आहे.

आधी काम काय आहे ते पाहू. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीतली बटरफ्लाय प्लेट, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी गोल झडप, शाफ्टला बहुधा दोनच स्क्रूंनी धरलेली असते, एम-४ किंवा एम-५ (चार किंवा पाच मिलिमीटर जाडीचे). त्यातला एक सुटला तर तो बाहेर पडत नाही, आत जातो. मॅनिफोल्ड, इनटेक पोर्ट, व्हॉल्व्ह आणि मग पिस्टनचा माथा. व्हॉल्व्ह वाकतो, हेड उतरवावं लागतं. चार सिलिंडरच्या, प्रत्येक सिलिंडरला वेगळी थ्रॉटल बॉडी लावलेल्या गाडीत असे आठ स्क्रू असतात आणि वाटेत प्लेनम, म्हणजे हवेची सामाईक पेटीसुद्धा नसते.

तो का सुटतो? चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात क्रँकच्या दुप्पट गतीचा एक हादरा कायम असतो. ८,००० आरपीएमला तो सेकंदाला सुमारे २६७ वेळा बसतो. त्याचा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६,००० वरून ८,००० ला गेलात की हादरा जवळजवळ पावणेदोन पट. रोजच्या वापरात वर्षानुवर्षं न हललेला स्क्रू आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीत हलतो तो यामुळे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. कुठलाही स्क्रू घट्ट राहतो तो ताणला जातो म्हणून. इथे स्क्रू जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीची प्लेट धरतो, त्यामुळे त्याचा ताण दोन-तीन मायक्रॉनचाच. साधा वहीचा कागद शंभर मायक्रॉनच्या आसपास असतो. प्लेट आणि शाफ्टच्या मध्ये कार्बनचा पातळ थर राहिला आणि तो नंतर दबला, की तेवढ्यानेच सगळा ताण संपतो. स्क्रू एक आटासुद्धा न फिरता सैल झालेला असतो. म्हणून तिथे स्प्रिंग वायसर घालण्यात काहीच अर्थ नाही. आडव्या हादऱ्यापुढे तो टिकत नाही, आणि तुटला तर आत जायला आणखी एक तुकडा तयार.

आता २४३. हे अॅनएरोबिक आहे, म्हणजे हवा नसेल आणि धातू लागलेला असेल तरच घट्ट होतं. मध्यम ताकद, निळा रंग, १८० अंशांपर्यंत चालतं. जुन्या २४२ पेक्षा त्याचा फायदा म्हणजे आट्यांवर थोडं तेल राहिलं तरी धरतं. बटरफ्लायवर पीसीव्हीच्या (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत सोडणाऱ्या) पाइपातून तेलाची वाफ कायम येत असते, त्यामुळे हा गुण इथे कामाचा. पण थोडं तेल म्हणजे थोडंच. काळा चिकटा तसाच ठेवून वर थेंब टाकला तर ते चिकट्याला धरतं, स्क्रूला नाही.

छोट्या स्क्रूंसाठी आणि पितळेसारख्या मऊ धातूसाठी कंपनी जांभळं २२२ सुचवते, हे सांगायला हवं. रेडलाइन (आरपीएमची वरची मर्यादा) न बदललेल्या रोजच्या गाडीला टोक ठेचलेला, म्हणजे मागचं टोक पंचने पसरवलेला स्क्रू आणि २२२ एवढं भागतं. साडेसात हजारांच्या वर नेहमी जाणार असाल तर आमची पसंती २४३ ला. लाल २७१ नको. ते काढायला अडीचशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं. तेवढ्या उष्णतेत शाफ्टची सीलं जातात, आणि न तापवता जोर लावला तर एम-४ चं डोकं तुटून हातात येतं. सगळ्यात धोक्याचं हिरवं २९०. 'काही उघडायला नको, वरून टाका, आपोआप आत जातं' म्हणून ते आवडतं. पण तेच पाण्यासारखं पातळ द्रव शाफ्टवरून सरकत, शाफ्ट ज्यात फिरतो त्या बुशमध्ये जातं आणि थ्रॉटल अडकतो. उघडा थ्रॉटल अडकणं म्हणजे काय, हे घाट उतरणाऱ्याला सांगायला नको. फेविक्विक हादऱ्याला आणि उष्णतेला टिकत नाही, त्याचा विषय इथेच संपला.

लावायची पद्धत. जुन्या स्क्रूचं मागचं टोक कंपनीतच ठेचलेलं असतं. ते बारीक कानसेने किंवा छोट्या ग्राइंडरने शाफ्टच्या पातळीला आणल्याशिवाय स्क्रू फिरवू नका, नाहीतर पसरलेलं टोक शाफ्टचे आटे ओरबाडत बाहेर येतं. जपानी गाड्यांत डोकं दिसायला फिलिप्स, पण बऱ्याचदा जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचं असतं. त्याला जेआयएसचाच स्क्रूड्रायव्हर घ्या, फिलिप्स घसरतो. एकदा काढलेला स्क्रू पुन्हा लावायचा नाही.

शाफ्टचं भोक आणि नवा स्क्रू ब्रेक क्लीनरने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. स्क्रू जस्त चढवलेला किंवा स्टेनलेस असेल तर २४३ सावकाश धरतं. तिथे ते लवकर धरावं म्हणून लॉकटाइटच्याच ७६४९ प्रायमरचा एक फवारा द्यावा. पितळी शाफ्टला त्याची गरज नाही. टोकाकडच्या तीन-चार आट्यांना एकच छोटा थेंब. बाटलीचं तोंड धातूला टेकवू नका, धातूचा कण आत गेला तर उरलेलं द्रव बाटलीतच गोठतं. जास्तीचं लगेच पुसा. हवेत ते ओलंच राहतं आणि वाहत जातं. काही प्लास्टिकना त्याने तडे जातात, म्हणून थ्रॉटल पोझिशन सेन्सर आधी काढून ठेवा.

स्क्रू सैल असतानाच प्लेट दोन-तीनदा पूर्ण बंद करा, म्हणजे ती स्वतः मध्यावर बसते. प्लेटची कड तिरकी कापलेली असते, उलटी लावली तर बसणारच नाही, म्हणून काढतानाच खूण करून ठेवा. मागून टॉर्च धरा. प्रकाशाची रेघ सगळीकडे सारखी दिसली की घट्ट करा, एम-४ ला साधारण दीड ते दोन न्यूटन-मीटर. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

मग खरं काम, टोक ठेचणं. स्क्रू शाफ्टच्या मागे एक ते दीड मिलिमीटर बाहेर यायला हवा. शाफ्टखाली अॅल्युमिनियमचा ठोकळा घट्ट टेकवा आणि सेंटर पंचने टोक पसरवा, हलक्या हाताने. आधार नसताना हातोडी मारली तर शाफ्ट वाकतो आणि प्लेट बोअरला घासते. २४३ ने धरणं सोडलं तरी ठेचलेला स्क्रू बाहेर पडू शकत नाही. द्रव स्क्रूला फिरू देत नाही, टोक त्याला पडू देत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्ही लागतात. लावल्यावर २४ तास गाडी सुरू करू नका. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर नंतर आयडल लर्निंगही (गाडीच्या कॉम्प्युटरला थ्रॉटलची जागा पुन्हा शिकवणं) करावं लागेल.

२४३ अतिनील दिव्याखाली चमकतं. नोटा तपासायचा छोटा दिवा धरला तर कुठल्या स्क्रूला लागलंय आणि कुठे वाहून गेलंय ते लगेच दिसतं. दुसऱ्याने केलेलं काम तपासायला याहून स्वस्त उपाय नाही.

एका गोष्टीवर कुठलंही द्रव चालत नाही. हवा जास्त जावी म्हणून शाफ्ट अर्धा कापून पातळ करतात. एम-४ चा आटा ०.७ मिलिमीटरचा. शाफ्ट दोन मिलिमीटरवर आणला की तीनच्याही आत आटे उरतात. तो स्क्रू निघणार आहे, प्रश्न फक्त कधीचा.

खरेदी नागदेवी स्ट्रीटला किंवा ऑपेरा हाउसच्या पार्टवाल्यांकडे, पक्क्या बिलावर. १० मिलीची बाटली आठ स्क्रूंना पुरून उरते, ५० मिलीची कशाला? बाटली अर्धी रिकामी दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका, आत हवा राहावी म्हणून ती तशीच भरतात. तारीख मात्र वाचा. कंपनी साठवणीला ८ ते २१ अंश सांगते आणि आपल्याकडची दुकानं मे महिन्यात कशी तापतात ते ठाऊकच आहे. शंका असेल तर स्वच्छ साध्या लोखंडी एम-८ नटबोल्टवर एक थेंब टाकून नट हाताने बसवा. अर्ध्या तासाने बोटांनी फिरला तर बाटली परत करा.