कापलेल्या पट्टीवरून ओळखावं असं मेडिकल

या मेडिकलची खरी पारख सुट्या गोळ्या घेताना होते. दहाच्या पट्टीतल्या चारच हव्या असतील, तर कापताना एक्स्पायरी आणि बॅच नंबर छापलेली बाजू दुकानातल्या तुकड्यावर राखतात. गिऱ्हाइकाच्या पाकिटावर दोन्ही लिहून देतात, बिलातही टाकतात. छापील बाजू आधी विकली, तर उरलेल्या गोळ्या कधीच्या हे कुणालाच सांगता येत नाही.

सेफिक्झिम या अँटिबायोटिकसारखं शेड्यूल एच-१ चं, म्हणजे विक्रीवर कडक नियम असलेल्या सरकारी यादीतलं औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही, कितीही हुज्जत घाला. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग यांची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये होते. ते ३ वर्षं जपावं लागतं. लिहिलेला ब्रँड संपला असेल तर "तेच आहे" म्हणून दुसरा पुढे न करता डॉक्टरांना फोन लावतात. हे फार मोलाचं.

इन्सुलिन २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं.

खटकतं ते एकच: संध्याकाळच्या गर्दीत औषधांची नावं मोठ्याने पुकारतात. मानसिक आजाराची औषधं घेणाऱ्याला ते फार लागतं. चिठ्ठीवर बोट ठेवून विचारलं तरी काम होतं.